तक्रार नसल्याचा कागद

उमापूरहून गेवराईकडे जाताना चढावर माझ्या पुढे उसाचा ट्रॅक्टर होता. मागे भरलेल्या दोन ट्रॉल्या. मधला जोड तुटला आणि मागची ट्रॉली उलटी घसरत माझ्या गाडीवर आली. बॉनेट दबलं, रेडिएटर फुटला. उतरून पाहिलं तर जोडाच्या पिनेऐवजी बांधकामाची सळई वाकवून घातलेली होती.

गाडी जुनीच, आईसाठी घेतलेली. तिच्या डोळ्यात दर महिन्याला बीडला इंजेक्शन द्यावं लागतं. तारीख चुकवली तर नजर जाईल, असं डॉक्टरांनी बजावलंय. गुडघ्यांमुळे तिला एसटीत चढवत नाही. पुढची तारीख दहा दिवसांवर होती.

ट्रॅक्टरमालक आमच्याच गावचे. नातं नाही, पण मी त्यांना मामा म्हणतो. ते चार माणसं घेऊन आले.

"सर, पोलिसात कावून जायचं? आमी भरून देतो की. ड्रायव्हर लेकराबाळांचा हाय. तुमीच लिहा, तुमच्यासारखं लिहिणारं गावात दुसरं कोन हाय?"

आमच्या घरातला पहिला पदवीधर मीच. शिकत असताना गावाने मला सांभाळलं, त्यामुळे गावाचे अर्ज मी लिहून देतो. त्या दिवशीही हॉटेलच्या बाकावर बसून लिहिलं : 'सदर प्रकरण समजुतीने मिटले असून माझी कोणाविरुद्ध काहीही तक्रार नाही.' खाली सही केली. भरपाईचा शब्द घातला नाही. माणूस समोर चहा पाजतोय आणि आपण तसं लिहायचं, हे मला उद्धटपणाचं वाटलं.

मग मामांचा फोन लागेना. लागला की म्हणायचे, "कारखान्याचं बिल निघू द्या." सातव्या दिवशी पोलीस ठाण्यात गेलो. हवालदारांनी तोच कागद पुढे केला. मामांनी तो तिथे आधीच पोचवला होता.

"सर, अक्षर लई चांगलं हाय तुमचं. आता याच्यावर मी काय लिहू?"

ट्रॅक्टरच्या विमा कंपनीच्या माणसानेही मोबाईलवर कागदाचा फोटो पाहिला आणि मान हलवली. सळईचा फोटो मी काढलाच नव्हता. मामांच्या ट्रॅक्टरला तोवर नवी कोरी पिन बसली होती.

तारखेच्या आदल्या संध्याकाळी मी मामांच्या ओट्यावर गेलो. भांडायचं त्राण नव्हतं.

"मामा, बाकीचं राहू द्या. उद्या आईसाठी तुमची जीप द्या."

"आरं, एवढंच व्हय? सकाळी पाठवतो."

खरंच, सकाळी सातला जीप दारात आली. मामा स्वतः सोबत आले होते. आईला दोघांनी धरून आत बसवलं, तेव्हा तिने त्यांना तोंडभरून आशीर्वाद दिला. मामांनी दार लावलं आणि काचेवर हात ठेवून मला विचारलं,

"मंग सर, आता मिटलं ना आपलं?"

आई आत बसलेली होती. दहाला नंबर होता.

"मिटलं, मामा," मी म्हणालो.