पांढरा तळहात

आईला धाप लागली होती. मनगटाच्या धमनीतून रक्त घ्यायचं होतं. नवी सिस्टर ते आज पहिल्यांदाच स्वतः घेणार होती. तिला शिकवणाऱ्या मोठ्या सिस्टर शेजारी नुसत्या उभ्या होत्या.

“आजी, मूठ आवळा.” तिने मनगटावरच्या दोन्ही धमन्या दाबल्या. “आता उघडा.”

तळहात पांढराफटक. असा हात मी एकदाच पाहिला होता, बाबांचा, शेवटचा. जिवंत माणसाच्या इतक्या जवळ असतं हे पांढरेपण?

तिने एक बोट उचललं. एका धमनीवरही हाताला रक्त पुरतंय का, हे ती बघत होती. काही सेकंदांत लाली परतली.

“घाबरलीस?” मोठ्या सिस्टरनी विचारलं.

“हो.”

“बरंय. घे आता.”

सुई आत गेली. मी मान खाली घातली. आईचा दुसरा हात मी इतका घट्ट धरला होता, की तोही पांढरा पडला होता.