आग्नेय कोपऱ्यातली बरणी

हे मी नवऱ्याला सांगितलेलं नाही. मुलीला नाही, आईला तर नाहीच. सांगायची एक वेळ आली होती, तेव्हा मी आभाळाकडे बघितलं आणि कामाला लागले. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला सांगणं सोपं जाईल असं वाटलं होतं. जात नाहीये.

मी सिव्हिल इंजिनिअर. सुरुवातीची वर्षं पुण्यातल्या साइट्सवर गेली, आता डार्विनमधल्या. डार्विन ही ऑस्ट्रेलियातल्या नॉर्दर्न टेरिटरीची राजधानी, पण राजधानी म्हटलं की सिडनीवाले हसतात, एवढंसं गाव. महायुद्धात जपानी विमानांनी ते भाजून काढलं. नंतर वादळानं उरलंसुरलं नेलं. इथे खणायला लागलं की हे सगळं थराथरानं दिसतं — वर डांबर, मग वादळातले पत्रे आणि विटा, मग काळा थर. त्या काळ्या थरात वितळलेली काच असते, निळ्या नक्षीच्या वाडग्यांचे तुकडे असतात. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला काय वाटलं? काही नाही. भराव काढून टाकायचा, एवढंच.

आमची साइट जुन्या चिनी गल्लीवर होती. युद्धाआधी तिथे शिंपी, वाणी, खानावळी — सगळी चिनी दुकानं. बॉम्ब पडले, लोक दक्षिणेला पांगले, मागे राहिलेलं सैन्यानं पाडलं. लोक परत आले तोवर जमीन सरकारनं ताब्यात घेतली होती. मग तिथे ऑफिसं झाली, पुढे कारपार्क, आणि आता आम्ही फ्लॅट बांधत होतो. राहायला कोण येणार होतं? केरळच्या नर्सेस, नेपाळी विद्यार्थी, आपले आयटीवाले. गावात माणसं बदलतात. त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं, असं मी म्हणायचे.

मेबल गेटवर आली ती पावसाच्या आधीच्या दिवसांत. इथे त्या दिवसांना ‘बिल्ड-अप’ म्हणतात. हवा अंगाला चिकटते आणि भरदुपारी सगळं थिजतं, पक्षीसुद्धा ओरडत नाहीत. म्हातारी छत्री घेऊन उभी होती. ऐंशीच्या पुढची, ताठ, त्याच गल्लीत जन्मलेली चिनी.

“तू बॉस?” माझं हेल्मेट बघत म्हणाली. “बरं झालं. पुरुष ऐकून घेत नाहीत.”

तिचं म्हणणं सरळ होतं. त्यांच्यात माणूस पुरतात, काही वर्षांनी हाडं वर काढून धुतात, बरणीत नीट रचतात आणि बोटीनं गावी, चीनला पाठवतात. तिच्या आजोबांची बरणी तयार होती. बोटीची वाट बघत असतानाच युद्ध आलं. दुकानामागे, चुलीच्या बाजूला, आईनं विमानांपासून लपायला खंदक खणला होता. गाव सोडायचा हुकूम आला तेव्हा बरणी त्या खंदकात ठेवून वर माती लोटली. मेबल तेव्हा कडेवर होती.

“आमच्या वाट्याचा खंदक त्यांना मिळाला,” ती म्हणाली. मग मला विचारलं, “तुमच्यात काय करतात?”

“जाळतो.”

“मग तुमचं बरं. सांभाळायला नको.”

दिसली तर कळव, एवढंच मागणं. ती स्वतः मरायच्या आत आजोबांना कुठेतरी ठेवायचं होतं. मी नक्की म्हटलं. खरंच मनात होतं — तेव्हा.

इथे मध्ये एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं कळणार नाही. बिल्डर पुण्याचा, त्याला भूमिपूजन हवं होतं. एका रविवारी आम्ही चारपाच जणांनी ते उरकलं. गुरुजी व्हिडिओ कॉलवर, नारळ सुपरमार्केटमधला. ईशान्य कोपऱ्यात मी स्वतः तांब्याचा कलश पुरला. साइटवरच्या माझ्या माणसांपैकी तिथे कोणीच नव्हतं. सोमवारी त्यांना एवढंच सांगितलं, की आमच्यात इमारतीखाली एक भांडं ठेवतात. त्यांनी माना डोलावल्या.

बरणी आग्नेय कोपऱ्यात सापडली. लिफ्टच्या खड्ड्यात. शेवटचा हात फिरवताना पोकलेनच्या दाताला खळ्ळ लागलं नाही, घासल्यासारखं लागलं. मशीनवरच्या डॅरेननं ते बंद केलं. तपकिरी चिनी मातीची बरणी, आपण वर्षाचं लोणचं घालतो तशी, गुडघ्याएवढी. झाकण जागेवर. एवढे बॉम्ब, एवढं वादळ — आणि तिला साधा तडा नाही.

हाडं सापडली तर काम थांबवायचं आणि पोलिसांना कळवायचं, हा नियम रोज सकाळी मीच सगळ्यांना वाचून दाखवायचे. पोलीस, मग पुरातत्त्ववाले, मग महिने. पश्चिमेला ढग चढत होते. खड्डा पाण्यानं भरला असता तर बाजूची माती ढासळली असती आणि अख्खा पावसाळा गेला असता. काँक्रीटचे ट्रक निघाले होते.

डॅरेन खाली उतरला, बरणीकडे बघितलं. “बॉस, हे तुमचं पूजेचं का?”

मी हो म्हटलं.

किती वेळ लागतो ‘हो’ म्हणायला? त्यानं हेल्मेट काढलं. वरच्या पोरांना काहीतरी खुणावलं, त्यांनीही काढली. टॅटूवाली, शिवराळ माणसं, उन्हात माना खाली घालून उभी. “तुम्हाला जरा एकटं हवं असेल,” डॅरेन म्हणाला आणि सगळे मागे झाले. माझ्या देवाला मान देत होते ते.

मी झाकण उचललं. का? खात्री करायला, असं स्वतःला सांगितलं. तळाशी पायांची हाडं, त्यावर मांड्या, बरगड्या, सगळं बसलेल्या माणसाच्या क्रमानं. सगळ्यात वर कवटी, तोंड वर करून. आत धूळ नव्हती. कोणीतरी मघाशीच मांडून गेल्यासारखं. मला भीती वाटली नाही. मला वाटलं, हा माणूस उठायच्या तयारीत बसलाय. आणि मी उन्हाच्या आड येतेय.

तेव्हाही बोलता आलं असतं. डॅरेन हाकेच्या अंतरावर होता. मी झाकण लावलं आणि सगळे बघत होते म्हणून हात जोडले.

काँक्रीट पडलं. त्या जागी बुडबुडे यायला लागले. बरणी पोकळ, हवा निघणारच — हे मला समजतं, माझा धंदाच तो. पण बाकीचे बुडबुडे विझले तरी तिथला एक येत राहिला. थांबायचा. पुन्हा यायचा. काँक्रीट बसवणारा व्हायब्रेटरवाला पोरगा हसत म्हणाला, “अजून श्वास घेतोय.” कोणी हसलं नाही. मी तिथून हलले नाही, तो थांबेपर्यंत. पाऊस रात्री आला. आमचं वेळापत्रक वाचलं.

मेबल दुसऱ्या आठवड्यात आली. “काही?”

“काही नाही.”

तिनं छत्री मिटली, पुन्हा उघडली. “मग बॉम्बनीच नेले असणार,” म्हणाली. “थँक यू हं, शोधल्याबद्दल.”

इमारत आता उभी आहे. खालच्या हॉलमध्ये आपली मंडळी गणपती बसवतात, मलाही बोलावतात. आग्नेयेला लिफ्ट आहे. मी जिन्यानं जाते, व्यायाम म्हणते. लिफ्टच्या खड्ड्यात फरशीवर एक गोल ओला डाग आहे. तिथे पाणी यायचा मार्ग नाही. मी दोनदा उतरून बघितलंय.

मेबल गेल्या वर्षी गेली. त्याच्या आधी तिनं एक रिकामी बरणी घेतली होती, दफनभूमीत ठेवायला. फोन करून म्हणाली, हाडं नाहीत तर निदान त्या जागेची मूठभर माती आण, तू तिथे होतीस. पण तिथे माती कुठे उरली होती? सगळं काँक्रीट. मी जाताना बागेच्या दुकानात थांबले आणि कुंड्यांत घालतात त्या काळ्या मातीची पिशवी घेतली. दफनभूमीच्या पार्किंगमध्ये त्यातली थोडी डब्यात भरली. डबा तिच्या हातात दिला.

तिनं चिमूट घेतली. अंगठ्यानं चोळली. बराच वेळ चोळत राहिली. डार्विनची माती विटेसारखी लाल असते, हे इथे जन्मलेल्या माणसाला सांगायला लागत नाही.

“आमच्या अंगणातली लाल होती,” ती म्हणाली.



मग तिनं माझ्याकडे बघितलं, आणि माझ्यावतीनं तीच म्हणाली, “जळून काळी झाली असेल.”

मी हो म्हटलं. तिनं डबा बरणीत रिकामा केला, शेवटचे कण बोटानं पुसून घेतले, आणि माझा हात धरून बरणीपुढे तीनदा वाकली. मीही वाकले.