पांढऱ्या वाइनबरोबर सुरमई

माझा धाकटा भाऊ युरोपात एका तळ्याकाठी राहतो. तळ्यालगतच्या चढावर सगळे द्राक्षमळे, आणि तिथली पांढरी वाइन म्हणे जगात नावाजलेली. व्हिडिओ कॉलवर तो तळं दाखवायचा. बोरीवलीच्या स्वयंपाकघरातून आई विचारायची, "मासे गावतत मां थंय?" आणि लगेच, "जेवक कधी येतलंस?" तो पहिल्या प्रश्नाचं उत्तर द्यायचा.

यंदा आला. इथल्या हॉटेलवाल्यांना ती वाइन विकायला, अंधेरीत. फोनवर म्हणाला, "दादा, आईला सुरमई तळून आणायला सांग ना. आमच्या वाइनबरोबर झकास जाते. घरी यायचं बघतो रे." आईने शेवटचं वाक्यच ऐकलं. चार तुकड्या घरी झाकून ठेवल्या, बाकीच्या डब्यात भरून आम्ही निघालो.

हॉलमध्ये सुटाबुटातली माणसं ग्लास फिरवत, हुंगत, वाइन तोंडात घोळवत. मधेच सुरमईचा तुकडा. मग पुन्हा घोट, आणि तो चक्क बादलीत थुंकायचा! मला ही रीत कुठे ठाऊक? मी एव्हाना तीन ग्लास रिचवून जाणकारासारखी मान डोलावत होतो. अख्ख्या खोलीत गिळणारा मी एकटाच.

कोपऱ्यात बसलेल्या आईचा चेहरा उतरला. "मसालो जास्त झालो काय रे? थुकतत बघ."

मी भावाला हाताला धरून आणलं. तो हसला. "आई, वाइन थुंकतात गं. दिवसभर चाखायची तर पिऊन कसं चालेल? मासा आवडला सगळ्यांना."

"मगे आज जेवक येतलंस मां?"

"गिऱ्हाइकांबरोबर जेवण आहे गं. पहाटे फ्लाइट. पुढच्या खेपेला नक्की." तिच्या हातात एक बाटली ठेवून तो बादल्यांकडे परत गेला. मला राग आला होता, पण तीन ग्लासांवर रागवलं की लोक हसतात.

परतताना रिक्षा गोरेगावला आली तेव्हा आई म्हणाली, "तिखाटच जास्त झाला असतला. नायतर इलो असतो."

लोकांनी बोटं चाटून संपवलेला डबा माझ्या मांडीवर होता.

"हो गं," मी म्हणालो, "जरा जास्तच झालं होतं."