काळ्या मेंदीची ट्रायल

“हिच्या हातावर लावून पाहा पहिले. ह्या लोकायच्या कातड्याले काई होत नाई.”

नवरीची काकू असं बोलली आणि मांडवातल्या बाया हसल्या. मी तिथीच बसली होती, नवरीच्या पायापाशी, हातात मेंदीचा कोन धरून.

गाव सिंदेवाहीच्या बाजूचं. घर मोठ्या जमीनवाल्यायचं. माह्या मायनं त्यायच्याच बांधीत जिंदगीभर चिखल तुडवून धानाची रोवणी केली. मी ब्रह्मपुरीले पार्लरात राबली, बायायच्या डोक्याले कलप लावता लावता मेंदी शिकली, आणि त्याच घरात मेंदीवाली म्हणून गेली. मले वाटलं, आता मी इथी काम मागाले नाई आली, यायनं बोलावलं म्हणून आली. वाटायले काय लागते.

झालं असं. मी घरची मेंदी नेली होती. पाला वाळवून, कुटून, फडक्यानं गाळून भिजवलेली. तिचा रंग पहिल्या दिवशी नारंगी येते, मग हळूहळू गडद होते. काकूले तेवढा दम नोता. मेंदी जेवढी काळी तेवढी सासू जीव लावते, असं बाया म्हणतात ना, तेच तिच्या डोस्क्यात. तिनं बाजारातून काळी मेंदी आणली होती, आणि वरून त्यात केसाच्या कलपाची पावडर कालवली. तासाभरात डांबरासारखं काळं होते म्हणे.

मी म्हटलं, “काकू, हे नोका लावू. वास पाहा कसा मारून राह्यला. नवरीचा हात भाजंल.”

काकूनं ते ऐकलं. नीट ऐकलं. म्हणूनच तिले ट्रायलची अक्कल सुचली. नवरीचा हात भाजू नये म्हणून माहा हात.

मी हात मागं घेतला. तिनं मनगट पकडलं. एकीनं खांदे दाबले, एक हसत हसत माह्या मांडीवर बसली. लगनाच्या घरची चेष्टा वाटली त्यायले. मी हात ओढला तशी बांगडी फुटली, काच रुतली, रक्त आलं. त्या रक्ताच्या बाजूनंच काकूनं लेप फासला. फूल नाई, पान नाई. मनगटापासून कोपरापर्यंत नुसता काळा लेप. नवरी पाहत होती. आम्ही दोघी एकाच शाळेत शिकलो.

हात जळाले लागला. “जळते म्हणजे चढते,” काकू म्हणे. हे तर आम्हा मेंदीवाल्यायचंच बोलणं. आम्ही निंबू-साखर लावतो, लवंगाचा धूर देतो, आणि चुरचुर झाली की म्हणतो, रंग धरून राह्यला. लेप वाळेपर्यंत त्यायनं मले उठू नाई देल्लं. मीबी मनाले तेच सांगत बसली, चुरचुरते, थांबंल.

थांबलं नाई. संध्याकाळपर्यंत हात फुगला. काकूनं तो पाहिला, कालवलेली मेंदी नालीत फेकली, आणि माहीच घरची मेंदी दुसऱ्या पोरीकडून नवरीच्या हाताले लावून घेतली. मले म्हणे, “जाय आता घरी.” त्यायची ट्रायल झाली होती.

घरी माय म्हणे नागीण झाली. हळद लावली, कोनाकडून तरी मंत्र टाकून आणला. सकाळी हातभर फोड. फोड फुटून पाणी वाहे, कपडा चिकटे, काढला की कातडं संगं निघे. मी बोंबलत होती आणि माय तोंड फिरवून रडत होती. मग एसटीनं गडचिरोलीच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीण बाई पोरसवदाच होती. म्हणे, “खऱ्या मेंदीला काळा रंग नसतो. हे कलपातलं रसायन आहे. तू रोज कलप हाताळत होतीस, तुझ्या अंगाला त्याचं वावडं झालंय. आता आयुष्यात ते लावून घेऊ नकोस. पुढच्या वेळी चेहरा सुजेल, श्वाससुद्धा अडकू शकतो.” मग तिनं इचारलं, “हे लावलं कोणी?”

मी तोंड उघडाच्या आधी माय बोलली, “हिनंच लावून घेतलं जी.”

मी मायकडं पाहिलं. तिले त्याच बांधीत जायाचं होतं ना रोवणीले. मायचं ते बोलणं फोडापेक्षा जास्त जळलं. आजबी जळते.

पुढच्या उन्हाळ्यात त्याच घरी नवरीच्या धाकट्या बहिणीचं लगन निघालं. माय भांडे घासाले गेली होती. तिचा डबा द्याले मी गेली, तर मांडवात काकू. हातात त्याच काळ्या मेंदीचा कोन, तसाच वास. मले पाहून म्हणे, “आली का? ये, हात आण.”

मी काई बोलाच्या आत माय उठली. राखेचे हात पदराले पुसले. काकूपुढं बसली आणि आपला हात पुढं केला.

“पोरीचा नोको बाई. माहा घ्या.”

माह्या आंगात आग शिरली. माही माय. जिनं माहे फोड धुतले, ती. आपला हात असा देऊन राह्यली, जसं त्यायचं देणंच आहे.

मी काकूच्या हातचा कोन हिसकला. तिचं मनगट धरलं, दाबलं, कोनाचं टोक तिच्या गोऱ्या कातड्यावर टेकवलं. कोन फुटून माह्या आंगाले लागला असता तर माहाच श्वास अडकला असता. मले त्याचं भान नोतं. कोनीतरी केस धरून ओढलं, कोनीतरी पाठीत लाथ घातली. मी मनगट सोडलं नाई.

“लावू का काकू? जळते म्हणजे चढते.”

“सोड मले,” ती ओरडली, “मरून जाईन मी!”

अजून थेंबबी पडला नोता. मरून जाईन म्हणे. म्हणजे तिले सारं माईत होतं. माह्या वक्तालेबी माईत होतं.

खरं सांगते, लावावं वाटलं. कोपरापर्यंत फासावं वाटलं. पण मले तिच्यासारखं व्हायाचं नोतं. मी कोन खाली फेकला आणि चपलेनं चेंदला. मायले उठवलं आणि तशीच ठाण्यात नेली. जमादार हसला, “मेंदीची कायची तक्रार व?” मी बाही वर केली. हातभर डाग पाहून मग त्यानं लिहून घेतलं.

आता गावचे मोठे लोकं आमच्या मोहल्ल्यात येऊन बसून राह्यले. चेष्टा होती, मागं घे म्हणतात. मायचं काम त्या घरून तुटलं. मले मेंदीले लगनघरं बोलवत नाईत. माय रोज म्हणते, जाऊ दे व पोरी.

नाई जाऊ देत. तक्रार मागं घेणार नाई. मायले कोर्टात उभी करीन, आणि त्या डॉक्टरीण बाईपुढं जे ती खोटं बोलली, ते तिच्याच तोंडून खरं वदवीन. आणि याच्यापुढं आमच्यातल्या कोनाचं मनगट कोनी धरलं, तर मी ठाण्यात जाईनच. पण पहिले ते मनगट मोडीन.