कोंडवाड्याचं फाटक

कोणी सरकारला शिव्या द्यायला लागलं की मी चहाची बशी खाली ठेवतो आणि हळूच उठतो. तुम्ही म्हणाल, भ्याला. भ्यालो नाही हो. पोळलोय. कसा पोळलो ते सांगतो, पण हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या.

दुसऱ्या महायुद्धाच्या लढाईचे दिवस. आमचं खानदेशातलं रनाळं तेव्हाही मोठं गाव, पण साखर परवान्यावर, रॉकेल परवान्यावर, घरात धान्य किती ठेवायचं तेही सरकार सांगणार. माझं डोकं फिरायचं. त्यात मी धुळ्याला मॅट्रिकपर्यंत शिकलेला. तिथे बोर्डिंगात कुठल्याशा इंग्रजी पुस्तकातून एक विचार डोक्यात शिरला होता आणि गोचिडीसारखा चिकटला होता. सरकारचं काम एकच, चोर धरणं. बाकी कशात त्यानं नाक खुपसू नये.

रोज संध्याकाळी मारुतीच्या पारावर मी हे ऐकवायचो. ऐकणाऱ्यांत पुढे रतनआप्पा. त्याचं नि माझं शेत बांधाला बांध लागून.

"आनि हाई लढाई, भाऊ?" आप्पा विचारायचा.

"तेच तर सांगतोय, आप्पा. दुसऱ्याच्या बांधात काठी घेऊन शिरायचं कशाला? त्यांचं भांडण त्यांनी निस्तरावं. परमुलखात फौज धाडूच नये."

"खरं शे," आप्पा म्हणायचा आणि बिडी पेटवायचा. हे 'खरं शे' पुढे मला किती महागात पडणार होतं, ते तेव्हा कोणाला माहीत.

घरी मात्र माझ्या विचारांना कुत्रं विचारत नव्हतं. बायको गोदा म्हणायची, "पारवर राज चालाडतस, आनि वावरमा तण वाढी ऱ्हायनं." माझे सासरे ब्राह्मणपुरीचे मोठे शेतकरी. त्यांचंही मत तेच, जावई बोलतो बरा, शेती शून्य. त्या वर्षी त्यांनी निरोप धाडला होता, पोळा झाला की भुईमूग बघायला येईन, पीक मनाजोगतं असलं तर माझ्या गोठ्यातली बैलजोडी देईन. त्या जोडीसाठी मी त्या वर्षी चक्क निंदणी केली. स्वतःच्या हातानं. भुईमूग असा माजला होता की बघत राहावं.

आणि नेमकी तेव्हाच आप्पाची म्हैस कोणाच्या तरी ज्वारीत शिरली आणि सरकारी कोंडवाड्यात गेली. आता दंड भरल्याशिवाय ती सुटायची नाही.

संध्याकाळी पारावर आप्पा म्हणाला, "भाऊ, तू रोज सांगस, सरकारले काय अधिकार शे. मंग मन्ही म्हैस सोडी आण."

सगळा पार माझ्याकडे बघायला लागला. आता माघार कशी घेणार? म्हटलं, "सकाळी सोडतो."

कोंडवाडा गावाबाहेर, माझ्या शेताला लागूनच. हे मला माहीत नव्हतं का? होतं की. पण तत्त्वाच्या भरात माणसाला स्वतःचं शेत दिसत नाही. सकाळी गेलो तर राखणदार ओढ्यावर अंघोळीला गेलेला. फाटक म्हणजे नुसती बाभळीची काटेरी फांदी, ती मी ओढून बाजूला केली. आत आप्पाची म्हैस, चार-पाच गाई आणि एक देखणी पांढरी बैलजोडी. म्हटलं, कोणाची का असेना, सुटका सगळ्यांची. बांधावर आप्पा आणि पारावरची मंडळी बघत होती, म्हणून दोन शब्दही बोललो.

जनावरं रात्रभर उपाशी. त्यांनी माझं भाषण ऐकलं नाही. सरळ माझ्या भुईमुगात घुसली.

एकीला हाकलावं तर दुसरी मागून शिरे. मी ओरडलो, "आप्पा, अरे ये ना. त्या बाजूनं अडव."

आप्पा आपल्या बांधावर उकिडवा बसला होता. शांतपणे म्हणाला, "मी कसा येवू, भाऊ? तो तुन्हा बांध शे. परमुलखमा फौज धाडू नही, तूच सांगेल शे."

"अरे तुझीच म्हैस आहे."

"ती आते सुटी गयी. तिले अधिकार शे."

बाकीचेही जागचे हलले नाहीत. इतक्या दिवसांत माझं एवढं मनापासून कोणीच ऐकलं नव्हतं.

तेवढ्यात गोदा धावत आली. "भाषण व्हयी गयं का? आते काठी ल्या."

मी काठी घेतली आणि शेवटी तेच ओरडलो, जे ओरडायला नको होतं. "पोलीस पाटलाला बोलवा कोणीतरी."

"कोणले? सरकारले?" आप्पानं विचारलं.

मी मान खाली घालून म्हटलं, "हो."

पाटील आले, तेही डुलत डुलत. बांधाशी थांबून म्हणाले, "चोर शे का कोठे? सरकारनं काम फक्त चोर धरानं, आसं आयकं मी."

संताप कोणावर काढायचा, सांगा. आणि अजून खरा घाव पडायचाच होता. पाटलांच्या मागून पांढरं पागोटं दिसलं. मामा. माझे सासरे.

लेकीच्या घरचं अन्नपाणी घेत नाहीत, म्हणून ते आदल्या संध्याकाळी येऊन भाऊबंदाकडे उतरले होते. रात्री त्यांची जोडी दावं तोडून सुटली आणि कोंडवाड्यात गेली. ती सोडवायला ते पाटलांना घेऊन निघाले होते.

मामांनी शेताकडे पाहिलं, बैलांकडे पाहिलं. "जवाईबुवा, जोडी तुमनाच करता आणेल व्हती. भुईमूग दखाले उनू व्हतू मी. तो कसा व्हता, हाई आते बैलेसलेच इचारा."

जोडी ब्राह्मणपुरीला परत गेली. गोदा आठ दिवस माझ्याशी बोलली नाही, आणि बोलली तेव्हा वाटलं, न बोलणंच बरं होतं.

पुढच्या हंगामाआधी कोंडवाड्याला सागाचं भक्कम फाटक बसलं. बसवलं कोणी? मीच. पाटलांच्या मागे लागून, स्वतः सुताराशेजारी उभं राहून. राखणदार अंघोळीला निघाला की मी बांधावरून हाक मारायचो, "कडी लावलीस का रे?"

भुईमूग पुन्हा माजला. मामा जोडी घेऊन आले, बांधापाशी थांबले आणि मिशीत हसत म्हणाले, "जवाईबुवा, आमनी फौज आत धाडू का?"

अख्खं गाव ऐकत होतं. मी हात जोडून म्हटलं, "या ना मामा. पण बैल तेवढे आधी कोंडवाड्यात ठेवून या."