भोईरकाकांची चित्रं आणि रिकामे चौकोन

कामतघरच्या रिक्षास्टँडवर भोईरकाका अनोळखी माणसाला थांबवायचे आणि खिशातली चिठ्ठी पुढे करायचे. चिठ्ठीवर ठळक अक्षरांत एका वेबपानाचा पत्ता. "भाई, तुम्हारे मोबाइल में खोलके बताओ ना, चूल्हा दिखता है या खाली डब्बा?" मराठी माणूस असला तर, "चूल दिसते का चौकोन?" बहुतेकांना ते वर्गणी मागणारे वाटत. कुणी पान उघडलंच, तर काका वहीत फोनचं नाव आणि उत्तर लिहून घेत, हात जोडत आणि पुढच्या माणसाची वाट बघत उभे राहत.

ते आमच्या शेजारी राहत. आता ते मुलीकडे असतात, आणि त्यांच्या घरात दुसरं बिऱ्हाड आहे. जन्म वज्रेश्वरीजवळच्या खेड्यातला. उमेदीची वर्षं गेली पॉवरलूमच्या कारखान्यात कापडाची डिझाइनं काढण्यात. चौकटीच्या कागदावर एकेक घर भरत ते वेलबुट्टी उतरवायचे. पुढे तेच काम कॉम्प्युटरवर आलं, तेही शिकले. बोलायचे कमी. मी घरूनच एका कंपनीसाठी वेबसाइट तपासायचं काम करते, त्यामुळे पडद्यावरच्या अडचणी घेऊन ते माझ्याकडे यायचे. बाकी कुणाकडे त्यांचं फारसं जाणं-येणं नव्हतं.

मालतीकाकूंना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. अक्षरंही ओळखू येईनात. चित्रं मात्र बरोबर कळायची. एकुलती मुलगी सुषमा लग्न होऊन परदेशात. तिच्याशी बोलता यावं म्हणून मी काकूंना फोनमधले इमोजी दाखवले. काका बाजूला उभे राहून बघत होते.

"ह्या पिवळ्या तोंडांत हिचं कोन हाय?" ते म्हणाले. "हिची चूल न्हाय, हिचा पितळेचा डबा न्हाय. परक्या घरात बसवल्यासारखं वाटल तिला."

मग त्यांनी स्वतःच चूल, डबा, आपलं तोंड, उघडं दार अशी एक्केचाळीस चित्रं काढली आणि फुकट मिळणाऱ्या एका प्रोग्राममध्ये त्यांचा रंगीत फॉन्ट, म्हणजे अक्षरांच्या जागी चित्रं उमटवणारी फाइल, बनवला. मी एक साधं पान तयार केलं. काकूंनी डाव्या हातानं माउस धरून चित्र निवडायचं, की तेच पान उघडल्यावर ते सुषमाच्या फोनवर उमटणार. काकांच्या कॉम्प्युटरवर आणि माझ्या लॅपटॉपवर सगळं झकास दिसलं. मीच म्हटलं, "काका, झालं काम."

काकू रोज दुपारी काहीतरी पाठवत. तेवढा वेळ काका बाहेर ओट्यावर जाऊन बसत. "माय-लेकीचं बोलनं हाय, आपुन कशाला बघायचं?" सुषमाकडून लाल हार्ट आलं की काकूंचा चेहरा उजळायचा. असे चार महिने गेले.

एकदा सुषमा मला फोनवर म्हणाली, "अगं, आई रोज नुसते रिकामे चौकोन पाठवते. तिला आता काही कळत नसावं. बाबांना कसं सांगू? मी आपलं हार्ट पाठवून देते."

काकांना मी हे सांगितलं. हे तिच्याच फोनवर होतं की सगळ्यांच्याच, ते बघायला दुसऱ्या दिवसापासून ते नुसत्या चुलीच्या एका वेगळ्या पानाची चिठ्ठी घेऊन स्टँडवर उभे राहू लागले.

वही भरत गेली. फोन कुठलाही असो, उत्तर एकच: चौकोन. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. फॉन्ट आमच्या दोघांच्या मशीनवर आधीच बसवलेला होता, आणि पान तो तिथूनच उचलत होतं. पानात मी फॉन्टच्या फाइलचा पत्ता चुकीचा लिहिला होता, म्हणून तो बाहेर कुणालाच मिळत नव्हता. तपासणं हा माझा पोटाचा धंदा, आणि मी तिसऱ्या कुठल्या मशीनवर ते पान एकदाही उघडलं नव्हतं.

मी माफी मागितली. काका म्हणाले, "मीपन माझ्याच पडद्यावर बघून खूश झालो ना. कापड उलट्या बाजूनं बघितल्याबिगर मी कधी पास केलं न्हाय. हितंच विसरलो."

पत्ता दुरुस्त केला, तर नवीनच भानगड. काही ब्राउझरमध्ये चित्रं रंगीत, काहींत नुसते काळे डाग. सुषमाच्या फोनवर डागच. काकांनी एक रंग दुसऱ्यात विरघळवला होता, आणि तसल्या रंगीत फॉन्टची फाइल प्रत्येक ब्राउझरला वाचता येत नव्हती. सपाट रंगांचे थर एकावर एक ठेवले तर सगळीकडे दिसतील, असं मी सांगितलं. म्हणजे सगळी चित्रं पुन्हा काढायची.

"तोवर माझ्या लॅपटॉपवर दिसणाऱ्या निरोपांचे फोटो काढून सुषमाला पाठवू?" मी विचारलं.

"नको. दुसऱ्याची चिठ्ठी आपुन उघडायची न्हाय. आठ दिवसांत काढतो मी, मग ती सोताच वाचल."

सहाव्या दिवशी काकूंना दुसरा झटका आला आणि त्या गेल्या. सुषमाला आठवा महिना होता. डॉक्टरांनी तिला विमानप्रवास करू दिला नाही.

तेरावं झालं आणि काका पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसले. कुणासाठी, हे विचारायचा धीर मला झाला नाही. उरलेली चित्रं त्यांनी पुरी केली. मी नवी फाइल चढवली. निरोप पानावर होते तसेच होते. फक्त ते दाखवणारा फॉन्ट बदलला. चार महिन्यांचे चौकोन, नंतरचे डाग, सगळे सुषमाच्या फोनवर एकदम चित्रं झाले.

तासाभरात तिचा फोन आला. काकांनी तो स्पीकरवर ठेवला. ती रडत होती.

"बाबा, आई सगळं नीट सांगत होती. आज चूल, आज पाऊस, आज गुडघा. आणि रोज शेवटी तुमचं तोंड आणि उघडं दार."

उघडं दार म्हणजे 'ये', असं काकांनीच ठरवलं होतं.

"रोज, बाबा. मला म्हणत होती, बाबांसाठी ये. आणि मी हार्ट पाठवत होते."

काकांनी फोन जवळ ओढला.

"बाबा, ऐकताय ना? बाळ जरा मोठं झालं की येऊ मी?"

हे ती पूर्वीही विचारायची, आणि दर वेळी काका म्हणायचे, "कशाला धावपळ? आमचं हितं बरं चाललंय." या वेळी त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"ये," ते म्हणाले. "मला करमत न्हाय."