नंदाच्या गोणीत

हे मी आजवर कुणापाशी बोललेलं नाही — नवऱ्यापाशीही नाही. आज तुमच्यापाशी बोलते.

अंबरनाथला शिवमंदिराच्या रस्त्यावर मी भाजी विकायचे. शेजारी नंदा. दोघींचा माल कल्याणहून एकाच टेम्पोतून यायचा. २००५च्या महापुरानंतरची ती वर्षं — प्लास्टिकच्या पिशव्यांनी गटारं तुंबतात, असं सगळेच बोलायचे आणि संध्याकाळी सगळेच कचरा पायाने गटारात लोटायचे. मीही. नंदा मात्र कोबी-फ्लॉवरचा पाला वेगळ्या गोणीत भरायची. पालेगावच्या काशीमावशी ती गोणी गाईसाठी न्यायच्या. बस, एवढंच! आणि एवढ्यावर तिचं केवढं कौतुक. बाजाराच्या सभेत शाल-नारळ काय, ऑफिसातून परतणाऱ्या बायका मला ओलांडून तिच्याकडे काय. माझे टोमॅटो काय सडके होते? जळायचे मी तिच्यावर. जेवतानाही तिचाच हसरा चेहरा समोर यायचा आणि घास कडू लागायचा.

मग एक दिवस — कसं सांगू? नंदा पाणी आणायला गेली होती. माझ्याकडच्या फाटक्या पिशव्या, नासक्या टोमॅटोंनी बरबटलेल्या, मी तिच्या गोणीत खाली कोंबल्या. वर पाला सारखा केला. मावशींना पिशव्या दिसतील, चारचौघांत त्या नंदाला बोलतील — एवढंच मनात होतं. खरंच एवढंच होतं? भाजीच्या वासाने गाय पिशवीसकट खाते, हे मला ठाऊक नव्हतं? बाजारात रोज बघत होते की.

मावशींची गाय फुगली. डॉक्टर येईपर्यंत गेली. गव्हाणीत चघळलेल्या पिशव्या उरल्या होत्या.

मावशी बाजारात आल्या, पण भांडायला नाही. नंदासमोर नुसत्या बसल्या. "तुज्या भरवशावर मी गोनी न बघता वतली गो," म्हणाल्या.

नंदा खाली बघत होती. "पिशव्या माझ्याच हातून गेल्या असतील, मावशी." तिला खरंच तसं वाटत होतं. आणि मी? मी शेजारीच बसून एका बाईला भेंडी तोलून देत होते.

दुसऱ्या दिवसापासून नंदाने गोणी आणली नाही. संध्याकाळी तिनेही पाला पायाने गटारात लोटला. गाईची गोष्ट बाजारभर झाली होती; ऑफिसच्या बायका तिच्यापुढून सरळ माझ्याकडे आल्या. माझा माल लवकर संपला — आणि घरी जाताना मला आनंद झाला होता.